पेशीतल्या उकिरड्याची उलटतपासणी

शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवून पाहा. मधोमध केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका, एखादी रिक्तिका आणि उरलेल्या जागेत पेशीद्रव. ते नुसतं रंगवून सोडलेलं असतं, जणू तिथे काही घडतच नाही. प्रत्यक्षात त्यात आरएनए आणि प्रथिनं मिळून झालेल्या कणिका असतात. काहींना पी-बॉडी म्हणतात, काहींना स्ट्रेस ग्रॅन्यूल म्हणजे ताणकणिका, तर जननपेशींत पी-कणिका सापडतात. यांच्याभोवती पटल नसतं, त्यामुळे बेसन नीट कालवलं नाही की राहतात तशा या गुठळ्या असाव्यात, असा समज सहज होतो.

२००९ साली क्लिफर्ड ब्रँग्विन, ड्रेस्डेनचे अँथनी हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी. एलिगन्स या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या गर्भात पी-कणिका न्याहाळल्या. दोन कणिका भिडल्या की त्यांची एकच गोल कणिका होई. केंद्रकाच्या पृष्ठभागावरून त्या ओघळतही. गुठळी काही ओघळत नाही. हे वागणं मिसळीच्या तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांचं. पटल नसल्यामुळे रेणूंना आतबाहेर करायला काही सेकंद पुरतात.

सगळ्यात चिवट गैरसमज पी-बॉडीचा आहे. जनुकातला मजकूर संदेशवाहक आरएनए घेऊन येतो, रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवतो आणि गरज संपली की आरएनए मोडीत निघतो. पण कुठे? २००३ मध्ये उज्ज्वल शेठ आणि रॉय पार्कर यांनी यीस्टवरच्या प्रयोगातून उत्तर दिलं: पी-बॉडीत. पुरावा सज्जड वाटत होता. आरएनएच्या टोकावरची रासायनिक टोपी काढणारी प्रथिनं तिथे जमलेली, टोपी निघाल्यावर त्याला कुरतडत जाणारं एक्सआरएन१ हे विकरही तिथेच. कुरतडणं रोखलं की पी-बॉडी फुगत. कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही की उकिरडा वाढतो, तसंच हे दिसत होतं.

दोनच वर्षांनी पार्कर यांच्याच प्रयोगशाळेने या चित्राला पहिला तडा दिला. यीस्टचं ग्लुकोज तोडलं की आरएनए पी-बॉडीत जाऊन बसतो, आणि ग्लुकोज परत दिलं की बाहेर येऊन पुन्हा रायबोसोमवर चढतो. उकिरड्यावर फेकलेली वस्तू अशी धडधाकट घरी येत नाही. पुढे २०१७ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी मानवी पेशींतल्या पी-बॉडी वेगळ्या काढून आतला ऐवज तपासला. अर्धवट कुरतडलेल्या तुकड्यांचा तिथे खच नव्हता, होते ते वाचन थांबलेले पण अखंड आरएनए. त्याच वर्षी बाझेलच्या एका गटाने एकेका आरएनएला दोन रंगांच्या खुणा लावल्या आणि तो नेमका कुठे तुटतो ते पाहिलं. तोडणी पेशीद्रवात जागोजागी चालू होती, पी-बॉडीत मात्र ती दिसली नाही. हत्यारं ठेवलेली जागा सापडली होती, तीच वारदातीची जागा धरली गेली. आता पी-बॉडीला गोदाम म्हणतात. शब्द त्यातल्या त्यात बरा, पण तोही सैलच, कारण पी-बॉडी दिसेनाशा केल्या तरी आरएनएला गप्प बसवण्याचं काम सुरूच राहतं, हे २००७ मध्येच दिसलं होतं.

ताणकणिकांबाबतही क्रमाची अशीच गल्लत होते. १९८३ मध्ये लुत्झ नोव्हर आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या टोमॅटोच्या पेशींत असे ठिपके नोंदवले. सस्तन प्राण्यांच्या पेशींतल्या कणिकांची उकल १९९९ मध्ये बोस्टनच्या नॅन्सी केदरशा आणि पॉल अँडरसन यांनी केली. या कणिका आरएनएला कोंडून प्रथिननिर्मिती बंद पाडतात, असं अनेकदा सांगितलं जातं. घडतं ते उलट. उष्णता किंवा आर्सेनिकसारख्या विषाने पेशी हैराण झाली की ईआयएफ२ या प्रथिनावर फॉस्फेट चढतो आणि नवं वाचन सुरूच होत नाही. मग रिकामे झालेले आरएनए एकत्र येतात आणि कणिका तयार होते. २०१६ मध्ये जी३बीपी ही जोडणारी प्रथिनं पेशीतून काढून टाकली गेली. आर्सेनिकच्या माऱ्यात कणिका बनल्या नाहीत, पण प्रथिननिर्मिती थांबायची ती थांबलीच. शिवाय सगळे आरएनए तिथे गोळा होतात म्हणावं तर मोजणीत एकूण संदेशवाहक आरएनएपैकी सुमारे १० टक्केच आत सापडले. २०२० मध्ये तर कणिकेत बसलेल्या आरएनएचं वाचन चालू असल्याचंही प्रत्यक्ष दिसलं.

मज्जारोगांशी या कणिकांचं नाव जोडलं जातं, ते पूर्ण निराधार नाही. स्टीफन हॉकिंग यांना जडलेल्या एएलएस या विकाराच्या बहुतेक रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गाठी असतात, हे २००६ मध्ये उघड झालं. एफयूएस हे दुसरं संबंधित प्रथिन. त्याचे ताजे थेंब परीक्षानळीत काही तासांत तंतुमय, कडक होतात, आणि रुग्णांत आढळणाऱ्या उत्परिवर्तनाने हे आणखी लवकर घडतं. पण म्हणून पेशीत दिसलेली प्रत्येक कणिका रोगाची खूण ठरत नाही. निरोगी पेशीतल्या ताणकणिका ताण ओसरला की काही तासांत विरघळून जातात.

पुन्हा त्या कृमीकडे. तिच्या पी-कणिका पहिल्या पेशीविभाजनापासून पुढच्या प्रजननपेशींच्याच वाट्याला जातात, म्हणून प्रजननपेशी कोण होणार हे त्याच ठरवतात, अशी समजूत रूढ होती. २०१० मध्ये जेराल्डिन सेडू यांच्या गटाने पीपीटीआर-१ या जनुकात बिघाड असलेल्या कृमी तपासल्या. त्यांच्या गर्भात पी-कणिका सगळ्या पेशींना सारख्याच वाटल्या जात होत्या. त्या कृमींना तरीही पिल्लं होत होती.