पुलाला छप्पर कशाला?

नदीवर पूल, पुलाला भिंती आणि वर चक्क उतरतं छप्पर! अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचं कॉर्निश आणि व्हरमाँटचं विंडसर ही दोन गावं असाच एक पूल जोडतो. लांबी सुमारे 450 फूट, आणि नदीत खांब मात्र एकच, मधोमध.

तुम्ही म्हणाल, छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून असेल. नाही! ते आहे पुलाच्याच लाकडासाठी. लाकूड सतत ओलं राहिलं की त्यात बुरशी शिरते, ती लाकूड खाते आणि ते भुसभुशीत होतं. उघडा लाकडी पूल पंधरा-वीस वर्षांत कुजू लागायचा. छपराखालचा मात्र शंभरी सहज ओलांडतो. हा पूल 1866 सालचा आहे!

त्याआधी इथले तीन पूल कनेटिकट नदीच्या पुरांनी नेले होते. पहिला होता 1796 सालचा. चौथा बांधला जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी. त्यांनी जवळच्या कुरणात आधी सगळी लाकडं तासून जुळवून पाहिली आणि मगच नदीवर नेली. केवढा हा विचारीपणा!

भिंतींच्या आत जाड तुळयांची तिरपी जाळी आहे. तुळया खाचा पाडून एकमेकींत बसवल्या आहेत. या तिरप्या तुळया आडव्या तुळयांशी मिळून त्रिकोण करतात. का, ते घरीच पाहा. आइसक्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि कोपरा दाबा. चौकोन लगेच तिरका होईल. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा बरं! तो हलत नाही. पुलावरचं ओझं ही जाळी अशीच पेलते.

आता खरी गंमत. हिवाळ्यात तिथे बर्फावरून घसरगाड्या धावत. पण छपरामुळे अशा पुलांच्या आत बर्फच पडायचा नाही, आणि कोरड्या फळ्यांवर गाडी घसरणार कशी? मग माणसं फावड्यांनी बाहेरचा बर्फ आत आणून पसरायची!

या पुलावर एक पाटी आहे: घोडे सावकाश चालवत न्या, नाही तर 2 डॉलर दंड. टापांच्या धडधडाटानं पूल हादरू नये, ही काळजी. 1943 पर्यंत इथे टोलही द्यावा लागे. आता मोटारी फुकट जातात.

आणि पूल दोन राज्यांना जोडत असला, तरी नदी जवळजवळ सगळी न्यू हॅम्पशायरची. त्यामुळे व्हरमाँटकडून पुलावर चढलात, की लगेच दुसऱ्या राज्यात!