नागिणीचा डूख

परवा शाळा आटोपून घरी येते तो काय, वाड्यात ही गर्दी! मोरीपाशी लांबलचक साप निघाला होता आणि कुणीतरी तो काठीने मारलाही होता. बघितलं तर गरीब बिचारी बिनविषारी धामण! पण शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आधी डोळे ठेचा हो तिचे! मारणाऱ्याचा फोटो उतरतो त्यात. जोडीदार डूख धरून येईल." त्या रात्री आमचा चौथीतला चिरंजीव काही दिवा मालवू देईना.

हा 'डूख' आपल्या भाषेत इतका मुरलाय, की जाऊबाईंनी मनात राग ठेवला तरी आपण तोच शब्द वापरतो. त्याला खतपाणी घातलं सिनेमानं. १९७६च्या 'नागिन'मध्ये रीना रॉय मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारेकऱ्यांचे चेहरे बघते आणि एकेकाचा सूड घेते. १९८६च्या 'नगीना'त श्रीदेवी तर घरची सून होऊन आली. २०१५पासून टीव्हीवरही इच्छाधारी नागिणीची मालिका सुरू झाली. आणि वरातीत हमखास वाजणारी ती पुंगीची धून? ती १९५४च्या 'नागिन' चित्रपटातली, पण पुंगीवर वाजवलेलीच नव्हे! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती.

करमणूक म्हणून हे सगळं छानच. मीही इस्त्री करता करता बघते. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितलेली हकिगत ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्यांची भावजय जमिनीवर झोपली होती. रात्री काहीतरी चावलं. दुखलं नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, पापण्या मिटू लागल्या. घरातल्या कुणीतरी आदल्या वर्षी साप मारला होता, म्हणून "नागिणीनं सूड घेतला" असं ठरलं आणि तिला मांत्रिकाकडे नेलं. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

ही लक्षणं मण्यारीच्या दंशाची. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घ्यावा, एवढी बुद्धी सापाला नसते. तो येतो उंदरामागे, नाहीतर आडोशाला. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. डूख धरला म्हणून हात जोडून बसलं, की औषधाची वेळ निघून जाते.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं पाठच करून ठेवा. साप चावला, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. बांगड्या, अंगठ्या काढून घ्याव्यात. चावलेला हात-पाय पट्टीचा आधार देऊन हलू देऊ नये, माणसाला चालवू नये आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषावर एकच लस चालते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली नीट खोचावी. घराभोवती अडगळ साठू देऊ नये.

आणि हो, नागपंचमीची कहाणी आठवतेय ना? शेतकऱ्याच्या नांगरानं नागिणीची पिल्लं मेली. तिनं सूड घेतला खरा. पण त्याच्या लेकीनं पाटावर काढलेले नाग आणि तिचा भक्तिभाव बघून तीच नागीण विरघळली आणि तिनं सगळ्यांना जिवंत केलं. सिनेमावाल्यांनी त्यातला सूड तेवढा उचलला, माया आपल्यासाठी ठेवली!

चिरंजीवांना मी हीच कहाणी सांगितली. दोन रात्री झाल्या, दिवा मालवून झोपतात. वहिनींना मात्र अजून सांगायचीय.