हायब्रीड मोटार घ्यावी काय? ॲव्हरेज आणि आराम यांचा हिशेब



उसाच्या बिलाची रक्कम बँकेत जमा झाली की घराघरांत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक सोसायटीच्या कर्जाची आणि दुसरी मोटारीची. गट कार्यालयात ऊस नोंदणीला येणारे सभासद हल्ली बेणे आणि खताच्या चौकशीबरोबर, "साहेब, ही हायब्रीड गाडी म्हणजे काय भानगड आहे? खरंच अठ्ठावीसचं ॲव्हरेज देते का?" असेही विचारू लागले आहेत. मोटारगाड्या हा काही ऊस विकास खात्याचा विषय नव्हे. पण उसाचा पैसा कुठे जातो आणि तो कामी येतो की नाही, हा विषय आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या अंकात ही माहिती देत आहे.

प्रथम मुद्द्याचे सांगतो. हायब्रीड गाडीसाठी आपण जी जादा किंमत मोजतो, तीत दोन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. एक इंधनाची बचत आणि दुसरी आराम. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळ्या पानांवर मांडावा. एकाच पानावर मांडला की फसगत होते.

हायब्रीड म्हणजे काय?

हायब्रीड हा शब्द आपल्याला ज्वारी-मक्याच्या बियाण्यामुळे ठाऊक आहे. दोन वाणांचा संकर तो हायब्रीड. या मोटारीतही दोघांची जोडी आहे, पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर. सोबत एक बॅटरी. अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात झाली ती जपानमध्ये १९९७ साली, टोयोटा कंपनीच्या प्रियस या गाडीपासून. आपल्याकडे २०२२ साली होंडा सिटी, मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्यांचे हायब्रीड प्रकार आले आणि त्यानंतर इनोव्हा हायक्रॉस आली.

या गाड्यांना घरी चार्जिंग लावावे लागत नाही. साध्या गाडीत ब्रेक दाबला की चाकातला जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो. हायब्रीडमध्ये ब्रेक दाबताच मोटर उलट काम करते, म्हणजे जनित्र बनते आणि तोच जोर वीज होऊन बॅटरीत जातो. पुढे गाडी जागेवरून हलताना किंवा हळू चालताना ती वीज वापरली जाते आणि इंजिन बंद राहते.

ही बॅटरी फार मोठी असते असे समजू नका. हायरायडरची बॅटरी जेमतेम पाऊण युनिट विजेची आहे. तेवढ्या विजेवर आपला पाच अश्वशक्तीचा पंप दहाएक मिनिटे चालेल. तिचे काम साठवण तलावासारखे नाही, घराच्या छतावरच्या टाकीसारखे आहे. सारखी भरायची आणि सारखी रिकामी करायची.

येथे एक सावधगिरीची सूचना. विक्रेते "माइल्ड हायब्रीड" आणि "स्मार्ट हायब्रीड" गाड्यांनाही हायब्रीडच म्हणतात. त्यांत लहानशी मोटर इंजिनला हातभार लावते, पण इंजिन बंद ठेवून ती एकटी गाडी ओढत नाही. खरी बचत "स्ट्राँग हायब्रीड" मध्ये आहे. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा.

बचत कुठे होते आणि कुठे होत नाही

आपण जमीन पाहून उसाचा वाण निवडतो. कोसी ६७१ ला साखर लवकर भरते, तर को एम ०२६५ खारवट जमिनीतही टनेज देतो. वाण दोन्ही चांगले, पण प्रत्येकाची जागा वेगळी. गाडीचेही तसेच आहे. रस्ता पाहून निवडावी.

जिथे वारंवार थांबावे लागते तिथे हायब्रीड उजवी ठरते. तालुक्याची बाजारपेठ, सिग्नल, हंगामातल्या उसाच्या ट्रॅक्टरमागची रखडपट्टी, पुण्या-मुंबईची गर्दी, असे रस्ते तिच्या फायद्याचे. घाट उतरतानाही बॅटरी भरून घेते. पण हायवेवर ताशी शंभरच्या वेगाने सरळ धावताना ब्रेक लागत नाही, मग वीज परत मिळणार कुठून? तिथे बहुतेक काम इंजिनच करते आणि साध्या गाडीशी असलेला फरक कमी होतो.

वेगाचीही गोष्ट लक्षात घ्यावी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो की हा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. म्हणजे पाय थोडा हलका ठेवला तर कुठल्याही गाडीत बचत होते, आणि ती फुकट.

बचतीचे पान

आता आकड्यांत बघू. ग्रँड विटारा ही एकच गाडी दोन्ही प्रकारांत मिळू लागली, म्हणून ती उदाहरणाला घेतली. ती आली त्या वेळी जाहीर झालेले प्रमाणित ॲव्हरेज असे होते : ऑटोमॅटिक गिअरची माइल्ड हायब्रीड लिटरला २०.५८ कि.मी. आणि स्ट्राँग हायब्रीड २७.९७ कि.मी. हे आकडे चाचणी केंद्रातले आहेत, रस्त्यावर दोन्ही खाली येतात. पण तुलनेसाठी चालतील. पेट्रोलचा दर रु. १०५ धरला आहे.

वर्षाला ६,००० कि.मी. रपेट : बचत ७७ लिटर, सुमारे रु. ८,१००
वर्षाला १२,००० कि.मी. रपेट : बचत १५४ लिटर, सुमारे रु. १६,२००
वर्षाला ३०,००० कि.मी. रपेट : बचत ३८५ लिटर, सुमारे रु. ४०,४००

समजा, दोन्ही गाड्यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे. नक्की आकडा त्या दिवशी शोरूममधून घ्यावा. मग वर्षाला ३०,००० कि.मी. फिरणाऱ्याचे दोन लाख पाच वर्षांत वसूल होतात. १२,००० कि.मी. फिरणाऱ्याला बारा वर्षांहून जास्त लागतात आणि ६,००० वाल्याला चोवीस-पंचवीस. तोवर गाडी तरी राहते का?

यात व्याज धरलेलेच नाही. हे जादा दोन लाख कर्जाऊ घेतले, तर शेकडा ९ दराने त्यावर एका वर्षाचे व्याज १८,००० रुपये होते. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याची सुरुवातीची सगळी बचत बँकच घेऊन जाणार. मुद्दल फिटत जाईल तसे व्याज उतरते हे खरे, पण फक्त ॲव्हरेजसाठी कर्ज काढणे म्हणजे पाटात पाणी सोडून दुसऱ्या टोकाला फोडून देण्यासारखे आहे.

आरामाचे पान

मग हायब्रीड घेऊच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. आरामाचे पान अजून उघडायचे आहे.

हायब्रीड गाडीत क्लच नाही, गिअर बदलणे नाही. गुडघे दुखणाऱ्या चालकाला हा मोठा आधार आहे. हळू चालताना इंजिन बंद असल्याने आवाज नाही, हादरा नाही. गाडी फाटकापाशी उभी असताना इंजिन बंद ठेवूनही ए.सी. चालतो, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते.

पण काही गोष्टी उलट्याही आहेत. ग्रँड विटाराच्या हायब्रीड प्रकारात बॅटरीने डिकीतली जागा घेतली आहे. साध्या प्रकारात डिकी ३७३ लिटरची, हायब्रीडमध्ये २६५ लिटरची. चार माणसांच्या बॅगा आणि देवीला जाताना घ्यायची डबे-भांडी त्यात बसतात का, हे घरच्या लोकांना नेऊन पाहावे. तिचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. सपाटीला ते जाणवत नाही, पण घाटात भरल्या गाडीने पाय दाबला की एकसारखा घरघर आवाज येतो. काहींना तो चालतो, काहींना नाही.

मोठ्या गाड्यांत मामला आणखी वेगळा आहे. इनोव्हा हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल प्रकाराचे प्रमाणित ॲव्हरेज १६.१३ आणि हायब्रीडचे २३.२४ कि.मी. फरक घसघशीत आहे. पण हायब्रीड प्रकारांना पैठणीसारखे काठही असतात. पाय पसरण्याच्या खुर्च्या, काचेचे छप्पर असे बरेच काही वरच्या प्रकारांतच येते. त्यामुळे जादा दिलेला सगळा पैसा ॲव्हरेजच्या नावावर टाकू नये. त्यातला किती खुर्च्यांचा, हे विक्रेत्याला सरळ विचारावे.

आपल्या भागात डिझेल इनोव्हा क्रिस्टाची सवय असलेले पुष्कळ आहेत. ती गाडी वेगळ्या चासीवर बांधलेली आणि मागच्या चाकांवर ओढणारी. हायक्रॉस पुढच्या चाकांवर ओढते. रस्त्यावर ती मऊ बसते. पण पावसाळ्यात चिखलाच्या पाणंदीतून भरल्या गाडीने चढ चढायचा असेल, तर दोन्ही चालवून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाडी निवडताना चालवणारा पुढे बसून पाहतो आणि पसंती देऊन येतो. मागे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाही. पण दवाखान्याच्या वाऱ्या मागच्या सीटवरूनच होतात. ज्या घरात कंबरदुखीची आई किंवा डायलिसिसला जाणारे वडील आहेत आणि आठवड्याला दोन-तीन वेळा जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तिथे आराम ही चैन नव्हे, गरज आहे. त्यासाठी दिलेला पैसा बारा वर्षांत वसूल होत नाही म्हणून रडू नये. तो वसूल करायचा पैसाच नव्हे. फक्त तो आरामासाठी दिला, हे मनाशी स्पष्ट असावे. आणि कदाचित तो आराम कमी किमतीच्या, मऊ सस्पेन्शनच्या साध्या गाडीतही मिळेल, हेही तपासावे.

आपला ऊस आणि ॲव्हरेज

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. ऊस, मळी आणि धान्य यांपासून हे इथेनॉल होते, म्हणजे आपल्या शिवाराचा त्यात वाटा आहे. पण खरे तेही सांगितले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. इंजिन त्यासाठी जुळवलेले असेल तर काही तूट भरून निघते. म्हणून नवी गाडी ई-२० साठी बनलेली आहे ना, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलवरही चालणारी हायब्रीड कोरोला २०१९ साली विक्रीस आली. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत अशाच इनोव्हाचा नमुना दाखवला गेला. ऊस उत्पादकाला आनंद वाटावा अशीच ही दिशा आहे. परंतु नमुन्याच्या भरवशावर आजच्या पैशाचा निर्णय करू नये.

घेण्यापूर्वी एवढे करावे

१. गेल्या वर्षी आपली गाडी किती किलोमीटर फिरली, हे मीटर पाहून काढावे. अंदाज नको. वर्षाला २० हजारांच्या आत असाल, तर निव्वळ बचतीसाठी हायब्रीड घेऊ नये.

२. किंमत "ऑन रोड" विचारावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवर जी.एस.टी. १८ टक्के झाला. चार मीटरहून लांब गाड्यांवर, हायब्रीड असल्या तरी, तो ४० टक्के आहे.

३. उसाचे पैसे वर्षातून एक-दोनदा येतात, बँकेचा हप्ता मात्र दरमहा. सहामाही हप्ता बांधून मिळतो का, हे आधी विचारावे. हप्त्यासाठी खताचे पैसे मोडण्याची वेळ येता कामा नये.

४. चाचणीसाठी गाडी शोरूमच्या डांबरी रस्त्यावर नव्हे, आपल्या पाणंदीवर चालवावी. चार माणसे बसवून. म्हातारीला मागे बसवावे आणि उतरवून पाहावे.

५. बॅटरीची हमी लेखी घ्यावी. टोयोटा व मारुतीच्या स्ट्राँग हायब्रीडला ती ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी. अशी दिली गेली आहे.

६. अनेक हायब्रीड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. तिच्यापुढे पोती-पिशव्या ठेवू नयेत. आपल्याकडे धूळ आणि पाचटाचा भुगा फार, म्हणून तिची गाळणी वेळच्या वेळी साफ करून घ्यावी. नारिंगी रंगाच्या तारांना गावातल्या मिस्त्रीने हात लावू नये, त्यांत जास्त दाबाची वीज असते.

७. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच असावी. जास्त हवेने ॲव्हरेज थोडे वाढते, पण गाडी दणके देते आणि पकड कमी होते. कमी हवेने इंधन आणि टायर दोन्ही जातात.

गाडी शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये, आणि शेजारी हसेल म्हणून टाळूही नये. दोन पाने घ्यावीत. एकावर किलोमीटर, लिटर, व्याज आणि वर्षे. दुसऱ्यावर घरात कोण आहे, कुठे जायचे आहे, किती तास बसायचे आहे. दोन्ही पाने घरातल्या सर्वांपुढे वाचावीत आणि मगच शोरूमची पायरी चढावी. वर्षभर पाणी पाजून वाढवलेल्या उसाचे पैसे आहेत ते. सभासदांनी विचारपूर्वक निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी