तीन शायांचे सात रंग

सकाळी ७.३०

शटर वर केलं की आधी रॅककडे जातो. काल संध्याकाळी सुटा करून पसरलेला कागद हाताला कसा लागतोय ते बघायचं. जून लागलाय, पुण्याच्या हवेत ओल आहे आणि कागद ती ओल पितो. कागदातले तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात; त्यामुळे अख्खा कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो. एकरंगी पत्रिका छापणाऱ्याला त्याचा त्रास नाही. आज मात्र एकाच कागदावर स्क्रीनने तीन शाया बसवायच्या आहेत. इथल्या हवेत रात्र काढलेला कागद दिवसा फारसा हलत नाही.

काम एका चित्रकार ताईंचं : लगडलेली आंब्याची फांदी. पिवळी, गुलाबी आणि निळी, तीनच शाया. पिवळीवर गुलाबी चढली की केशरी, पिवळीवर निळी चढली की हिरवा, गुलाबीवर निळी चढली की जांभळा. तिन्ही एकत्र आल्या की काळपट तपकिरी. तीन स्क्रीनमध्ये सात रंग झाले, कागदाचा पांढरा वेगळाच. चौथी शाई घेतली तर पंधरापर्यंत जाता येतं, पण आज तशी गरज नाही.

८.१५

शाई कालवायला बसतो. हे काम मी मदतनिसाला देत नाही. शाई पारदर्शक करायची म्हणजे तिच्यात पांढरा घालायचा नाही, ट्रान्सपरंट बेस घालायचा. पांढऱ्यातलं टायटॅनियम उजेड अडवतं. ते थोडंसं जरी मिसळलं तरी खालचा रंग झाकला जातो. बेस डब्यात दुधट दिसतो, पण वाळला की स्वच्छ होतो. उजेड शाईच्या थरातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि त्याच वाटेने परत डोळ्यापर्यंत येतो. म्हणून कागद जितका पांढरा, तितका रंग जिवंत. पिवळट कागदावर असली कामं मी घेतच नाही.

रंगद्रव्यही बघून घ्यावं लागतं. जुना क्रोम यलो कितीही बेस घातला तरी गढूळच राहतो. थॅलो निळा मात्र मुळातच पारदर्शक, आणि इतका जोरकस की शंभर ग्रॅम बेसला चार-पाच ग्रॅम पुरतो. डब्यातल्या रंगावर कधी विश्वास ठेवू नये. ज्या कागदावर छापायचं त्याच्याच तुकड्यावर पट्टीने शाईचा पातळ थर ओढतो, वाळू देतो, त्यावर दुसरी शाई आडवी ओढतो. जिथे दोन पट्टे एकमेकांना छेदतात, तो चौकोन म्हणजे खरा नमुना. आजच्या चौकोनात हिरवा जरा निळसर आला. निळ्यात आणखी बेस घातला, पुन्हा ओढला. आता पानाचा हिरवा मिळाला.

९.३०

पिवळीचा स्क्रीन बिजागरीला लावला. कापड सेंटिमीटरला १२० धाग्यांचं, बारीक. कागद आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटरची फट. कागद टेकायला पुठ्ठ्याचे तीन थांबे, दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला. तिन्ही शाया संपेपर्यंत कागदाचा हाच कोपरा थांब्यांना टेकणार.

अपारदर्शक शाईत हाताचा चढउतार खपून जातो. इथे थराची जाडी हीच रंगाची छटा. दाब मध्येच कमी झाला, स्क्वीजीचा कोन बदलला, की आडवा पट्टा उमटलाच. मदतनीस मुलगा पिवळी छापतोय. फिकट पिवळीत चूक कमी दिसते, हात बसवायला ती बरी.

“काका, हा जरा गडद आला का?”

“हो. खाली येताना थांबलास. एका श्वासात ओढ.”

पुढच्या कागदांवर त्याने तसंच केलं, आणि थर एकसारखा येऊ लागला. पाण्याच्या शाईला या हवेत वाळायला वेळ लागतो, पण कापडात मात्र ती लवकर धरते. हातात पाण्याचा फवारा ठेवावा लागतो.

दुपारी १२

स्क्रीन धुतला, गुलाबीचा चढवला. पिवळी पूर्ण वाळल्याशिवाय गुलाबीला हात लावायचा नाही. ओल्यावर ओली गेली की दोन्ही मळतात.

ताई आल्या. त्यांनी आधी फिल्म काढून आणल्या होत्या, तेव्हा पान एका फिल्मवर, फळ दुसऱ्या फिल्मवर, कडेला कड भिडवून. अपारदर्शक शाईत तसंच करतात, आणि मधे पांढरी रेघ दिसू नये म्हणून केसभर एकमेकांवर चढवून घेतात. पारदर्शक शाईत तो केसभर भाग तिसऱ्या रंगाची काळी रेघ होऊन दिसतो. कितीही जपून छापा, ती रेघ चूक म्हणूनच दिसते. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं : चढलेला भाग लपवू नका, मोठा करा. त्याला चित्रात काम द्या.

मग ताईंनी फिल्म नव्याने काढल्या होत्या. पिवळी आता फळ आणि पान दोन्हीखालून सलग जाते, मधे कडच नाही. गुलाबी फळाच्या गालावर. निळीचं पान मुद्दाम गालावर बोटभर आत घुसतं. तिथे तिन्ही शाया मिळून तपकिरी होतात आणि आंब्यावर पानाची सावली पडते. कागद मिलिमीटरभर हलला तरी सावली तेवढी रुंद होईल, एवढंच.

“काका, गालाला लाल अजून हवा होता. चौथा स्क्रीन करूया?”

“ताई, निळी पडू दे. हिरव्याशेजारी हाच केशरी लाल दिसेल.”

१.३०

डबा. समोरच्या भिंतीवर रविवर्म्याचा जुना ओलिओग्राफ आहे. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात रंगागणिक वेगळा दगड असे. भिंग लावलं की लक्ष्मीच्या गालात एकमेकांवर बसलेले रंगीत ठिपके दिसतात. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी ते भिंग देतो. चित्रकार-शिक्षक जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना अपारदर्शक रंगीत कागद कापून पारदर्शकतेचा भास उभा करायला लावायचा. १९६३च्या त्याच्या रंगावरच्या ग्रंथातली चित्रंही स्क्रीनवरच छापलेली होती. मधला रंग नेमका निवडला की दोन जाड कागदही एकमेकांतून दिसू लागतात. हा अभ्यास आपल्या कलामहाविद्यालयांत मन लावून व्हायला हवा असं मला वाटतं.

३.००

सर आली. दारं लावली, पंखा कागदावरून वळवला. निळीआधी स्क्रीनखाली पारदर्शक प्लास्टिक ताणून त्यावर एक छाप घेतला, त्याखाली गुलाबी झालेला कागद सरकवत जागेवर आणला आणि थांबे पक्के केले.

क्रमाबद्दल ताईंनी विचारलं. कोणतीच शाई शंभर टक्के पारदर्शक नसते, वरची थोडी वरचढ ठरते. गुलाबीवर निळी घातली तर जांभळा थंड, निळीवर गुलाबी घातली तर तांबूस. पानं वर हवीत, म्हणून निळी शेवटी.

निळी मी स्वतः ओढली. स्क्रीन उचलला तेव्हा पानं हिरवी झाली होती, देठ तपकिरी, आणि आंब्याचा गाल लालसर. ताईंनी दोन कागद शेजारी ठेवले, एक निळीआधीचा, एक नंतरचा. गुलाबी दोन्हीकडे तीच आहे हे त्यांना बोट लावून पाहावंसं वाटलं.

“चौथा स्क्रीन नको,” त्या म्हणाल्या.

६.००

स्क्रीन धुऊन ठेवले. पिवळ्या दिव्याच्या खोलीत उद्याच्या कामाच्या दोन फ्रेमना इमल्शन लावलं. उरलेल्या शायांच्या डब्यांवर ग्रॅमचं प्रमाण, कागदाचं नाव आणि तारीख लिहिली, नमुन्याचा छेदचौकोन कापून झाकणाला चिकटवला. ताई पुढच्या चित्राबद्दल विचारत होत्या : पाऊस, नदी, पलीकडचा डोंगर. मी म्हटलं, दोन शायांत बसवून बघा, करडी आणि निळी. डोंगर कुठे नदीत उतरतो तेवढं फिल्मवर मोकळ्या हाताने काढून आणा.