शिकारी कुत्र्याचं नाक रिसर्चला चालतं का?

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं, आणि ते लिहिताना मी स्वतःवर फार खूश होते. वाक्य असं: ‘प्रशिक्षित स्पॅनियल कुत्र्याच्या साहाय्याने इंदापूर तालुक्यातील माळरानावर लांडगा व खोकड यांच्या विष्ठेचे नमुने गोळा केले जातील.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात तीन प्रश्न लिहिले. कुत्रा चुकला तर तुला कळणार कसं? दुपारी काय करणार? आणि लांडग्याचं काय?

तिसरा प्रश्न तेव्हा मला समजलाच नाही. पहिल्या दोघांची उत्तरं मला येतात असं वाटलं होतं. तुमच्यापैकी जे प्रपोजल लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. विषय कुत्र्याचा असला तरी तुमच्या पद्धतीत कुत्र्याच्या जागी कॅमेरा असेल, सेन्सर असेल किंवा प्रश्नावली भरून घेणारा मुलगा असेल. प्रश्न तेच राहतात.

आधी स्पॅनियल का, ते सांगते. इंग्लंडमधल्या शिकारीचे व्हिडिओ मी खूप पाहिले होते. आपल्याला वाटतं, बंदूक वाजली की कुत्रा पळत जातो आणि पक्षी तोंडात धरून आणतो. ते काम असतं, पण थोडं. स्पॅनियलचं खरं काम बंदूक वाजायच्या आधीचं. काटेरी झुडपात, उंच गवतात दडलेला फेझंट किंवा ससा शोधायचा आणि बाहेर उठवायचा. त्यासाठी तो शिकाऱ्याच्या पुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी फिरतो, आणि तेही बंदुकीच्या टप्प्यातच. टप्प्याबाहेर उठवलेला पक्षी कुणाच्याच कामाचा नाही. पक्षी उडाला की त्याने जागच्या जागी बसायचं. पाठलाग करायचा नाही, शिट्टीशिवाय हलायचं नाही. ज्याच्या रक्तात पाठलाग आहे, त्याला पाठलाग करायच्या क्षणी बसवणं, यातच शिकवणाऱ्याचे महिनेच्या महिने जातात. शिवाय तिकडे कामाची आणि दिखाव्याची घराणी वेगळी झाली आहेत. आपल्याकडे सोसायटीत लांब कानांचा, शॅम्पूचा वास येणारा जो कॉकर दिसतो, तो बहुतेक दुसऱ्या घराण्यातला.

तर माझा विचार असा होता: हा प्राणी शिस्तीत, ठराविक पट्ट्यात, नाकाने जमीन विंचरतो. म्हणजे चार पायांचा ट्रान्सेक्टच! आणि कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री यांनी 1890 च्या दशकात तोंडाला मुसकी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी शोधून त्यांना रेझोल्यूशन बेटावर सुरक्षित हलवलं होतं. अमेरिकेत सॅम्युएल वासर यांच्या गटाने विष्ठा शोधणारे कुत्रे तयार करून अस्वलांचा अभ्यास केला. भारतात ट्रॅफिक या संस्थेच्या पुढाकाराने 2008 पासून वनखात्यांसाठी कुत्रे तयार होत आहेत. ते शिकारीचा माल हुंगून काढतात, आणि त्यांत जर्मन शेफर्ड जास्त आहेत. म्हणजे नाक चालतं, यात वाद नाही. वाद आहे तो ‘कुठे’ आणि ‘किती’ याचा.

आता नाकाचं शास्त्र थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कुत्रा हुंगताना सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघते, त्यामुळे समोरून येणारा वास उडवला जात नाही. पण धाप लागलेला कुत्रा तोंडाने श्वास घेतो, आणि तोंड उघडं असताना हे हुंगणं नीट होत नाही. शरीर थंड ठेवणं आणि वास घेणं, दोन्ही कामं एकाच रस्त्यावरून चालतात. एक सुरू झालं की दुसरं अडतं.

वास स्वतःही स्थिर नसतो. विष्ठेपासून तो वाऱ्याच्या दिशेने पिसाऱ्यासारखा पसरत जातो. सकाळी जमीन गार असते, थोडा दमटपणा असतो, वारा मंद असतो. तेव्हा हा पिसारा जमिनीलगत राहतो. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि पिसारा फाटतो. म्हणून जाणता हँडलर कुत्र्याला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालवतो. वारा पाठीमागून असेल तर कुत्रा आधी पुढे जाऊन मग आपल्याकडे उलटा शोधत येतो, आणि तुमची आखलेली ट्रान्सेक्ट रेघ तुमच्या वहीतच राहते.

आता हे इंग्लंडच्या ऑक्टोबर-जानेवारीतून उचला आणि कडबनवाडीच्या माळावर ठेवा. इंदापूर तालुक्यातला हा माळ चिंकारा आणि लांडग्यांसाठी ओळखला जातो. तिथे मार्चमध्ये साडेनऊ-दहापर्यंत कुत्र्याची जीभ बाहेर आलेली असते. म्हणजे कामाचे तास दिवसाला दोन, फार तर अडीच. आणि थंडीत? थंडीत कुसळ. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळलं की त्याची टोकं माझ्या पँटमधून आत शिरतात. स्पॅनियलचे लांब केसाळ कान आणि बोटांमधले केस म्हणजे कुसळांना पायघड्याच. कुसळ एकदा कानात किंवा कातडीत शिरलं की पुढे सरकत जातं, मागे येत नाही. तिकडेही गवताच्या टोकदार बिया हा या जातीचा नेहमीचा त्रास आहे. आपल्याकडे तर अख्खा माळच त्याचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं माझ्या पँटमध्येच अडकलेलं होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला बारामतीत मिळालं. ओळखीच्या एका कुटुंबाकडे कॉकर स्पॅनियल होती, ब्राऊनी. चुणचुणीत, खाण्यासाठी काहीही करणारी. त्यांच्या शेतात मी दोन महिने शनिवार-रविवार तिला खोकडाच्या वाळलेल्या विष्ठेचा वास शिकवला. मग चाचणी घेतली. आठ डबे, तिघांत नमुना, बाकी रिकामे. ब्राऊनीने तिन्ही बरोबर काढले. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. मी गाईडना व्हिडिओ पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘डबे कोणी ठेवले?’

डबे मीच ठेवले होते.

पुढच्या रविवारी मैत्रिणीने डबे ठेवले आणि ती शेडच्या मागे जाऊन बसली. मला माहीत नव्हतं कशात काय आहे. ब्राऊनी प्रत्येक डब्यापाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने पाच डब्यांवर बसून दाखवलं आणि त्यात बरोबर निघाला एकच. दोन महिने ती वास शिकत नव्हती. बरोबर डब्यापाशी आले की माझा श्वास कसा अडकतो, मी पिशवीकडे हात कसा नेते, ते ती शिकत होती. वास ओळखण्यापेक्षा मला ओळखणं तिला सोपं होतं!

हे फक्त हौशी लोकांचं होतं असं समजू नका. लिसा लिट आणि सहकाऱ्यांचा 2011 चा पेपर जरूर वाचा. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या 18 प्रशिक्षित जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हँडलर. हँडलरना सांगितलं की खोल्यांमध्ये वास लपवलेला आहे, आणि काही ठिकाणी लाल कागद ही त्याची खूण आहे. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. 144 शोधांपैकी फक्त 21 शोध चुकीच्या इशाऱ्याशिवाय पार पडले. एकूण चुकीचे इशारे 225. आणि लाल कागदापाशी ते जास्त होते. लाल कागदाचा अर्थ कुत्र्याला कुठून माहीत असणार? तो माणसाला माहीत होता.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘प्रशिक्षित’ हा शब्द आला की थांबा. कशावर प्रशिक्षित, चाचणी कोणी घेतली, चाचणी घेणाऱ्याला उत्तर माहीत होतं का, रिकामे नमुने किती होते, हे चार तपशील नसतील तर तो शब्द खोडा. मी खोडला.

समजा, कुत्रा उत्तम आहे आणि हँडलर आंधळा, म्हणजे उत्तर न जाणणारा आहे. तरी एक गोष्ट राहते. एका फेरीत समोरची विष्ठा सापडण्याची शक्यता 0.6 धरू (आकडा उदाहरणापुरता). न सापडण्याची 0.4. दोन फेऱ्यांत दोन्ही वेळा निसटण्याची 0.4 गुणिले 0.4, म्हणजे 0.16. तीन फेऱ्यांत 0.064. हे वाचून बरं वाटतं. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतात. तोच कुत्रा, तीच सकाळ, तोच पश्चिमेचा वारा, आणि विष्ठा बांधाच्या आडोशाला. मग पहिल्या फेरीत निसटलेली तिसऱ्या फेरीतही निसटेल. ‘तीनदा शोधलं, नाही सापडलं, म्हणजे लांडगा नाही’ हे विधान करण्याआधी वारा बदलून, दिवस बदलून फिरावं लागतं. माणूस डोळ्यांनी शोधतो तेव्हाही हेच लागू आहे, फक्त तिथे वाऱ्याऐवजी उजेड आणि गवताची उंची.

आता तिसरा प्रश्न. लांडग्याचं काय?

आपल्या भागात शिकारी कुत्रा नवा नाही. कारवान, ज्याला मुधोळ हाऊंड म्हणतात, तो लांब पायांचा कुत्रा ससा-हरणामागे धावण्यासाठीच जोपासला गेला. पण तो डोळ्यांनी शिकार करणारा. मोकळ्या माळावर दिसलं की धावणार. स्पॅनियल गचपणात नाकाने काम करणारा. प्रत्येक मुलखाने आपल्या जमिनीला साजेसा कुत्रा घडवला, हे मला आधी लक्षात यायला हवं होतं. अर्थात शिकार आता कायद्याने बंद आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात काही प्राण्यांसाठी परवाने मिळायचे, ती तरतूद 1991 च्या दुरुस्तीने गेली. ससा असो की तितर, कुत्रा सोडून मारणं गुन्हाच.

शिकार थांबली तरी माळावर कुत्री आहेतच. गावातली, वस्तीवरची, मेंढरांबरोबरची. आणि त्यांचा परिणाम मोजला गेला आहे. अबी वनक आणि सहकाऱ्यांनी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर खोकडांसमोर खाण्याचे ट्रे ठेवले. कुत्रा दिसत असताना खोकडं ट्रेपाशी यायची थांबली नाहीत, पण तिथे घालवलेला वेळ 83 टक्क्यांनी आणि खाल्लेलं अन्न 70 टक्क्यांनी कमी झालं. कुत्र्याच्या नुसत्या वासाने मात्र फरक पडला नाही. म्हणजे मी ज्या खोकडाचा आहार अभ्यासायला निघाले होते, त्याचंच जेवण माझा कुत्रा तोडणार होता.

लांडग्याचं दुखणं आणखी खोल. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. शिवाय रोग. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर पसरला, तो मुळात श्वानकुळाचा आजार. लस दिलेला एक कुत्रा रोग आणेलच असं नाही. पण वस्तीवरच्या कुत्र्यांत मिसळून, त्यांच्याकडून काही घेऊन तो लांडग्याच्या गुहेपर्यंत नाक नेणार, आणि ते नाक तिथपर्यंत नेणं हेच तर त्याचं काम! पिल्लांच्या हंगामात तर विचारच नको. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. तिथे चिंकाऱ्याच्या कळपात स्पॅनियल सोडणं म्हणजे काय, हे मी कागदावर लिहून पाहिलं तेव्हा माझं मलाच ते वाचवेना.

कडबनवाडीच्या बाजूला मेंढरं घेऊन असणाऱ्या एका आप्पांना मी माझा बेत सांगितला होता. ते म्हणाले, ‘‘पोरी, हितं कुत्र्यांची काय कमी हाय व्हय? लांडगा रोज पायवाटंवरच घाण टाकतुया. तू येतीस उन्हं वर आल्यावर. मेंढरांच्या पायाखाली गेलेलं तुला काय घावणार?’’

हे वाक्य माझ्या मेथडॉलॉजीत गेलं, भाषा बदलून. लांडगे पायवाटांवर, फाट्यांवर विष्ठा टाकून हद्द सांगतात, हे पुस्तकातही आहे. मी ते वाचलं होतं, पण कुत्र्याच्या नादात बाजूला ठेवलं होतं. आता मी आणि एक सहकारी मेंढरं सुटायच्या आधी, उजाडता उजाडता पायवाटा चालतो. दोघं वेगवेगळ्या वेळी, एकमेकांच्या नोंदी न बघता. दोघांच्या नोंदी जुळवल्या की आपण किती चुकवतो त्याचा अंदाज येतो. नमुना कुणाचा, हे डीएनए ठरवतो; कारण ज्या माळावर कुत्रा, लांडगा आणि संकर तिन्ही आहेत, तिथे आकार बघून ‘लांडगा’ लिहिणं धाडसाचं आहे.

कुत्रा कुठेच वापरू नये असं माझं म्हणणं नाही. दाट जंगल असेल, पायवाटा नसतील, प्राणी इतका विरळ असेल की माणसाला वर्षात चार नमुने मिळतील, तर कुत्रा विचारात घ्या. पण मग हँडलरचा पगार, पशुवैद्य, लसीकरण, वाहतूक आणि आंधळ्या चाचण्यांचे महिने पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये लिहा, आणि वनखात्याच्या परवानगीच्या अर्जात कुत्र्याचा उल्लेख स्पष्ट करा. ‘फील्ड असिस्टंट’मध्ये त्याला लपवू नका.

ब्राऊनी मजेत आहे. मध्यंतरी तिच्या उजव्या कानातून डॉक्टरांनी कुसळ काढलं, तेही घरामागच्या पडीक तुकड्यातलं. मी गेले की अजूनही ती माझ्या पिशवीसमोर येऊन शहाण्यासारखी बसते. पिशवीत काही नसतं.