ग्लॅक्सोने मांडलेला आणि आवरलेला पसारा

२००८च्या मे महिन्यात अँड्र्यू विटी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचे प्रमुख झाले, तेव्हा बड्या औषध कंपन्यांना एकच धास्ती होती : हमखास खपाच्या औषधांची पेटंटं संपत आली होती आणि त्यांच्या जागी नवी औषधं पुरेशी येत नव्हती. सगळी मदार मोजक्या गोळ्यांवर नको, असं विटींनी ठरवलं. २००९मध्ये त्यांनी त्वचेच्या औषधांची स्टीफेल कंपनी घेतली. लसी, टूथपेस्ट, हॉर्लिक्स यांवर भर दिला आणि अमेरिका-युरोपबाहेरच्या बाजारांकडे मोर्चा वळवला. पुढे २०१५मध्ये कर्करोगाची औषधं नोव्हार्टिस या औषध कंपनीला दिली आणि तिच्या बहुतेक लसी घेतल्या.

आज मागे वळून पाहताना वाटतं, की पसारा वाढवण्यात चूक नव्हती. कशाच्या आधारावर वाढवला, ते महत्त्वाचं होतं. हॉर्लिक्सची बाटली आपल्याकडे किराणा दुकानाच्या फळीवर असते. ती खपवायला जाहिरात लागते, गावोगावचे वितरक लागतात. नवा रेणू शोधणाऱ्याला त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. अशा धंद्यातून नियमित पैसा येतो आणि त्यावर संशोधन तगतं, असा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हे. पण पैशाने वेळ मिळतो, औषध मिळत नाही. ३ डिसेंबर २०१८ या एकाच दिवशी कंपनीने दोन घोषणा केल्या : भारतातला हॉर्लिक्सचा व्यवसाय ३१,७०० कोटी रुपयांच्या व्यवहारात हिंदुस्थान युनिलिव्हरकडे जाणार, आणि ५.१ अब्ज डॉलरना टेसारो ही कर्करोगाच्या औषधांची कंपनी घेणार. तीन वर्षांपूर्वी मोडलेलं दुकान पुन्हा थाटायची ही किंमत. २०२२च्या जुलैत टूथपेस्ट आणि वेदनाशामकांचा धंदाही हॅलिऑन या नावाने वेगळा झाला. भागधारकांच्या रेट्यामुळे हे घडलं, असं कुणी म्हणेल. रेटा होताच, पण लसींचा विभाग त्यातही टिकला. नागिणीवरची शिंग्रिक्स २०१७मध्ये आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लस २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, कारण लस ही नवी औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेच्याच कुळातली आहे.

देशोदेशींच्या विस्ताराचा हिशेब मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. २००९मध्ये विटींनी जाहीर केलं होतं, की सर्वांत गरीब देशांत पेटंटच्या औषधांची किंमत श्रीमंत देशांतल्या किमतीच्या २५ टक्क्यांवर जाऊ देणार नाही. अशी भूमिका घेणाऱ्या कंपनीला २०१४मध्ये चीनच्या न्यायालयाने लाचखोरीपायी ३ अब्ज युआन दंड ठोठावला. विक्रीचे आकडे गाठायची घाई झाली, की डॉक्टरच्या खोलीत काय चालतं, ते त्या खटल्याने दाखवलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये नायजेरियातल्या उपकंपनीने कारभार गुंडाळत असल्याचं कळवलं. औषधं यापुढे वितरकामार्फत येतील, असं ठरलं. तिथे डॉलरची टंचाई होती, तिथलं चलन नायरा कोसळलं होतं, हे खरं. पण चलन घसरण्याचा धोका पत्करूनच कंपन्या अशा बाजारांत उतरतात. कंपनीला दुसरा देश गाठता येतो; लागोसमधल्या दमेकऱ्याला इन्हेलर लागोसमध्येच मिळावा लागतो, आणि त्यानंतर तिथे नेमक्या इन्हेलरच्या किमती कडाडल्या.