कॉफीच्या मास्तरीणबाई

आमच्या घराण्यात मास्तर पुष्कळ झाले. आजोबा संस्कृतचे, वडील गणिताचे, थोरली बहीण शिवणकामाची. तेव्हा धाकट्या बहिणीच्या मुलीने बंगळूरहून फोनवर “मी आता शिकवायला लागले” असे सांगितले, तेव्हा घरात आनंदच झाला. “काय शिकवतेस?” तिच्या आजीने, म्हणजे आमच्या आईने विचारले. “कॉफी,” ती म्हणाली. थोडा वेळ फोन गप्प. मग आई हळूच म्हणाली, “अगं, ती तर उकळली की होते!”

पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यांत हा मजकूर मोठ्या खुबीने गाळला जाई. “बंगळूरला असते, ट्रेनिंग देते” एवढेच सांगायचे. ऐकणारा आपला समजून घेई की संगणकाचे असेल.

मीही या मंडळींहून फारसा वेगळा नव्हतो. कॉफी म्हणजे उपासाला किंवा पाहुणा आला तर, दुधात उकळलेली आणि वर जायफळ किसलेली, एवढीच माझी मजल. २०१७ साली दुसऱ्याच एका कामासाठी बंगळूरला गेलो आणि भाचीकडे उतरलो. दिवस पावसाचे, बाहेर पडायची सोय नव्हती. ती म्हणाली, “मामा, घरी बसून भिंती काय मोजतोस? चल माझ्या वर्गाला.” तीन दिवस मी मागच्या बाकावर बसलो आणि त्या तीन दिवसांत माझी बरीच घमेंड उतरली.

वर्गात आठजण होते. दोन मणिपूरचे, एक ओडिशाचा, एक हासनकडची मुलगी, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ, ज्यांना आपल्या गावी दुकान थाटायचे होते. इतर तीनजण शहरातलेच. पहिल्या सकाळी कॉफीचा थेंबही दिसला नाही. पुढे आले नुसते पाण्याचे पेले. कुठल्यात किंचित मीठ, कुठल्यात साखर, कुठल्यात आंबट. तीन पेल्यांपैकी दोन सारखे आणि एक निराळा, तो ओळखायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी चारदा बसलो आणि दोनदा सपशेल चुकलो. बँकवाले गृहस्थ चारही वेळा बरोबर. नंतर समजले की ते तीस वर्षे घरच्या सांबाराची चव पाहत आले होते.

दुपारी यंत्रापाशी गेलो. कपाळाला आठ्या घालून ती मुलांना म्हणाली, “हे यंत्र कॉफी करीत नाही. तुमच्या चुका मोठ्या करून दाखवते.” हे वाक्य मला पुढे तीन दिवस उलगडत गेले. दोन कपांसाठी अठरा ग्रॅम पूड मोजून घ्यायची, ती दांड्याच्या गाळणीत सारखी दाबायची, आणि त्यातून हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाबाने गरम पाणी लोटायचे. पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. पूड जाड असली तर पाणी धावत सुटते, कॉफी पातळ आणि आंबट. बारीक असली तर अडून बसते, कॉफी कडू जहर. पूड एका बाजूला कलती दाबली तर त्याच कपात दोन्ही दोष! आणि आज सकाळी बसवलेले दळण दुपारी बिघडते, कारण हवेत ओल वाढलेली असते. हे सारे पुस्तकात आहे. पण कुठल्या मुलाचा उजवा खांदा खाली झुकतो, म्हणून त्याची पूड नेहमी कलती बसते, हे पुस्तकात नाही. ते बाईंना ठाऊक.

हा धंदा मुळात इटालियनांचा. बरिस्ता म्हणजे त्यांच्या भाषेत गल्ल्यामागे उभा राहून पेये देणारा माणूस. मिलानच्या लुईजी बेझेरा याने १९०१ साली वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले; दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जिया याच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला आणि कपावर तो तांबूस फेस आला. इटालियन फार हौशी. १९९८ साली त्यांनी एस्प्रेसोसाठी एक संस्थाच काढली आणि एका कपाला सात ग्रॅम पूड, पंचवीस सेकंद, असे माप लिहून ठेवले. २००० साली माँटे कार्लो येथे बरिस्त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पंधरा मिनिटांत परीक्षकांपुढे बारा पेये मांडायची आणि वर बोलायचेही! तेव्हापासून शिकवणारे, शिकवणाऱ्यांना शिकवणारे आणि त्यांची परीक्षा घेणारे, अशी चढती भांडणेही सुरू झाली. ती सगळीकडे असतात, सोडून देऊ.

आपल्याकडे या विद्येची वाट निराळी. कॉफी बोर्ड १९४२ च्या कायद्याने उभे राहिले, आणि १९९० नंतरच्या दशकात बंधने सुटेपर्यंत मळेवाल्यांची कॉफी बोर्डाच्याच हातून विकली जाई. म्हणून चव पाहून प्रत ठरवणारी माणसे तिथे तयार झाली. १९७२ साली सुनालिनी मेनन या तरुणीने बोर्डात पाऊल टाकले. पुढे त्या बोर्डाच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर बंगळूरला त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. आशियातल्या पहिल्या स्त्री कॉफी-परीक्षक म्हणून त्यांचे नाव घेतात. १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले, मग गावोगाव दुकानांची रांग लागली आणि शेकडो पोरांना यंत्रापुढे उभे करायची वेळ आली. आमची भाची त्याच लाटेतली. पुण्यात गल्ल्यावर कप भरता भरता ती पाळीची प्रमुख झाली, मग नव्या दुकानांतल्या मुलांना शिकवू लागली. आज सुरत, उद्या गुवाहाटी, अंगावर एक पिशवी. पुढे बोर्डाच्या ‘कापी शास्त्र’ वर्गाला बसली, परीक्षा दिल्या आणि स्वतंत्र झाली.

दुसऱ्या दिवशी दुधाचा पाठ. वाफेची नळी दुधात कितपत बुडवायची, एवढाच प्रश्न. पण त्यात अर्धा दिवस गेला. सुरुवातीला कागद फाटल्यासारखा बारीक आवाज यावा, मग नळी जरा खाली, दूध भोवऱ्यासारखे फिरावे, आणि हात जगाला टेकवता येईनासा झाला की, म्हणजे साठ अंशांच्या पुढे गेले की, बंद. त्यापुढे ताणले तर दुधाला करपट वास लागतो. मौज अशी की बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “शेवटच्या नळीवर कोण आहे? खोल गेली.” आवाज किंचाळला होता, आणि तो आम्हां कुणाला ऐकू आला नव्हता.

पण तिने हा पाठ ऐकू न येणाऱ्या मुलांनाही दिला होता! बंगळूरच्या कॉफीच्या दुकानांतून अशी मुले कामाला असतात. त्यांना कागदाचा आवाज सांगून काय उपयोग? तिने त्यांचे तळहात जगाला लावले. हवा शिरताना जग खडबडीत थरथरतो, नळी खाली गेली की थरथर गुळगुळीत होते. “दोन दिवस मीच कानांत कापूस घालून शिकले, मग त्यांना शिकवले,” ती म्हणाली.

तिसरा दिवस चवीच्या परीक्षेचा. दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, चार मिनिटे थांबायचे, वर आलेली साय चमच्याने मोडायची आणि त्या क्षणी नाक कपात घालायचे. मग चमचाभर कॉफी फुर्रर करून ओढायची आणि पिकदाणीत टाकायची. आमचे आजोबा बशीतून असाच आवाज काढीत, तर आजी उभ्या घरासमोर त्यांचा उद्धार करी. इथे जो मोठ्याने फुरकेल तो हुशार! कारण घोट फवाऱ्यासारखा उडाला तरच वास घशामागून नाकात चढतो. जिभेला कळते ते थोडे: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसाची ती पाचवी चव. आपले तुरट आणि तिखट शास्त्रज्ञ चवीत धरीतच नाहीत, स्पर्शात ढकलतात. बाकी जी काय कॉफीची श्रीमंती, ती नाकाची.

भिंतीवर चवींचे एक रंगीत चक्र होते. अमेरिकेत १९९५ साली निघाले, २०१६ साली सुधारले. त्यात ब्लूबेरी, रास्पबेरी, मेपल यांची रेलचेल. ओडिशाच्या मुलाने ब्लूबेरी कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. बाईंनी शेजारी आपले चक्र टांगले होते: जांभूळ, कोकम, चिंच, काकवी, भाजलेले खोबरे, पावसातले गोणपाट. हे चक्र माझ्या मते त्या वर्गातली सर्वांत मोलाची वस्तू होती. कारण या चवीवर गुण पडतात, शंभरांपैकी ऐंशी आणि वर मिळाले तर माल खास ठरतो, आणि चिकमगळूरकडच्या कुणा लहान मळेवाल्याला चढा भाव मिळतो. परीक्षकाच्या नाकावर एखाद्याचे वर्ष अवलंबून असते.

२०२१ च्या एप्रिलात भाचीला करोना झाला. जीव वाचला, नाक गेले.

मी रोज फोन करी. ती म्हणे, “ताप नाही, मामा. पण डबा उघडला, आत काही नाही.” दोन महिन्यांनी वास परतू लागला तो उलटा होऊन. कॉफीच जळक्या रबरासारखी येई. जगभर असे अनेकांचे झाले. २०२२ साली इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की भाजलेल्या कॉफीला कॉफीपण देणारे एक द्रव्यच अशा नाकांना सर्वांत घाण वाटते. दैवाने थट्टा करावी, पण किती नेमकी!

चव-परीक्षेची कामे तिने त्याच आठवड्यात परत केली. एका मळेवाल्याने ओळखीपोटी म्हटले, “बाई, तुम्ही अंदाजाने गुण द्या, सही चालेल.” ती नाही म्हणाली. ज्या संस्थेकडे तिचे वर्षभराचे काम होते, त्यांना तिने खरे ते कळवले, आणि त्यांनी पुढचा करार केला नाही. आमची बहीण म्हणू लागली, “तरी मी सांगत होते.” काय सांगत होती ते तिलाच ठाऊक.

उपाय एकच होता, आणि तो साधा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. नाकाची तालीम म्हणा. तिने चार बाटल्या भरल्या आणि पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. वास येत नसला तरी लवंग म्हणून लवंग आठवायची. बारा आठवड्यांनी काही हाती लागले नाही, तरी बाटल्या तिने सोडल्या नाहीत.

वर्ग मात्र तिने ऑगस्टातच उघडला. पहिल्याच दिवशी मुलांना सांगितले, “मला वास येत नाही. तुम्ही माझे नाक व्हायचे.” आंबट आणि कडू तिच्या जिभेला कळतच होते, तुरटाची ओढ गालांना कळत होती, म्हणजे दळण चुकले की हात चुकला ते ती पूर्वीसारखेच सांगे. उरले ते मुलांनी सांगायचे. “जिभेवर येते की गिळल्यावर? ओले की कोरडे? तुझ्या घरी असा वास कुठल्या खोलीत येतो?” अशी ती उलटतपासणी घेई. पूर्वी ती उत्तर सांगून मोकळी होत असे. आता सांगण्यासारखे उत्तरच जवळ नव्हते. त्या तुकडीतली एक मुलगी पुढे स्वतः शिकवू लागली.

नाक हळूहळू आले, पण सगळे नाही. गुलाब अजून दूर आहे, असे ती म्हणते. गुण देण्याची कामे तिने आजतागायत परत घेतलेली नाहीत.

गेल्या दिवाळीत पुण्याला आली होती. मी मुद्दाम आमची ती जुनीच कॉफी टाकली, दुधात, भरपूर साखरेची. ती बाहेर फराळाला बसली होती. मी जायफळ किसले आणि पातेल्यावर झाकण ठेवले, तोच बाहेरून आवाज आला, “मामा, जायफळ फार जुने आहे रे.”

मी डबा पाहिला. जायफळ आईच्या वेळचे होते. तसाच चपला घालून मंडईत गेलो आणि नवे घेऊन आलो.